स्टर्नड्राइव्ह बोटीतली थरथर: दोष नेमका कुठे आहे, हे क्रमाने शोधण्याची पद्धत

नागपूरच्या आसपास ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, दुरुस्त करणारे मेकॅनिक मिळतात. स्टर्नड्राइव्ह मात्र फार थोड्यांनी उघडलेला असतो. यात इंजिन बोटीच्या आत बसतं आणि ड्राइव्ह बाहेर. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, आरपार दोघांना जोडणारा शाफ्ट, त्यावर दोन क्रॉस (ड्राइव्ह वळला तरी शाफ्ट फिरू देणारे सांधे), शाफ्टला आधार देणारं एक गिंबल बेअरिंग आणि हे सगळं कोरडं ठेवणारा रबरी बेलोज, अशी मधली रचना असते.

बोट थरथरायला लागली की दोनच निदानं ऐकू येतात. गियरमध्ये थरथरते, तर "पंखा टेढा झाला असन भाऊ", पंखा म्हणजे प्रोपेलर. न्यूट्रलमध्येही थरथरते, तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंट, गेलं. हे दुसरं निदान खर्चात पाडतं, कारण ते ऐकताक्षणी पटतं. गियर टाकलेलाच नाही, मग ड्राइव्हचा काय संबंध?

संबंध आहे. क्लच ड्राइव्हच्या आत असतो, इंजिनजवळ नाही. त्यामुळे इंजिन सुरू असेपर्यंत कपलर (इंजिनला मधल्या शाफ्टशी जोडणारा भाग), मधला शाफ्ट, दोन्ही क्रॉस आणि गिंबल बेअरिंग न्यूट्रलमध्येही फिरतच राहतात. मर्क्रूझर या ब्रँडच्या अल्फा ड्राइव्हमध्ये क्लच खालच्या गियरकेसमध्ये आहे, म्हणून तिथे उभा शाफ्टसुद्धा फिरतो आणि थांबलेला असतो तो फक्त पंख्याचा शाफ्ट. त्याच ब्रँडच्या ब्राव्हो ड्राइव्हमध्ये क्लच वरच्या गियरकेसमध्ये आहे, म्हणून वरचे गियर फिरतात आणि उभा शाफ्ट थांबतो. एवढी गोष्ट डोक्यात पक्की असेल तर पुढचा सगळा क्रम आपोआप समजतो. लेखात उदाहरणं मर्क्रूझरची घेतली आहेत. व्होल्वो पेंटाची मांडणी काही ठिकाणी वेगळी आहे, पण शोधण्याचा क्रम तोच.

टप्पा १: पाना उचलण्याआधीची तयारी

वही, पेन, खडू किंवा पेंट मार्कर, टॉर्च, फ्लशिंग मफ (ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर बसवून होजने पाणी द्यायच्या रबरी वाट्या), चांगल्या दाबाचं पाणी, स्वच्छ ट्रे, आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. मॅन्युअल नसेल तर पाचव्या टप्प्याच्या पुढे जाऊच नका. घट्ट करायचे टॉर्क आणि अलाइनमेंट बारचं (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते बघायच्या सळईचं) माप मॉडेलनुसार बदलतं. शाफ्टचा वाकडेपणा मोजणारा डायल गेज विकत घ्यायची गरज नाही, हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे तो असतोच.

जुळणाऱ्या मापाचा दुसरा, चांगल्या अवस्थेतला पंखा उसना मिळत असेल तर आजच मागून ठेवा. या कामात त्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

सावधान: पेट्रोल इंजिन असेल तर प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी आतली हवा बाहेर काढणारा ब्लोअर निदान चार मिनिटं चालवा आणि इंजिनखोलीत नाक घालून वास घ्या. बंद खोलीत साचलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीत पेटते. नागपूरच्या मे महिन्यात तर यात अजिबात सूट नको.

सावधान: पाण्याबाहेर इंजिन सुरू करण्याआधी पाणी चालू करा. कोरड्या पंपाचं रबरी इंपेलर काही सेकंदांत जळतं. मफवर इंजिन १,५०० आरपीएमच्या वर नेऊ नका, आणि पंखा बसवलेला असताना गियर टाकू नका.

टप्पा २: थरथर कधी होते, हे लिहून काढा

बहुतेक लोक हा टप्पा सोडून देतात आणि मग पुढचं सगळं अंदाजाने चालतं. "बोट व्हायब्रेट होते" एवढ्यावरून कुणालाही काही सांगता येणार नाही. पाण्यात जा, एक माणूस चालवायला आणि दुसरा फक्त लिहायला. खिंडसीसारख्या मोकळ्या पाण्यावर हे सहज जमतं. चाचण्या याच क्रमाने घ्या.

आधी न्यूट्रलमध्ये, ड्राइव्ह सरळ आणि पूर्ण खाली ठेवून. आयडलवर कसं वाटतं ते लिहा, मग हळूहळू १,८०० आरपीएमपर्यंत न्या आणि पुन्हा लिहा.

आता न्यूट्रलमध्येच, तोच आरपीएम ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग ड्राइव्ह थोडा वर ट्रिम करा. ट्रेलरवर चढवताना लागते तेवढी उंची नको, चालवताना वापरतो तेवढ्याच मर्यादेत. या वेळी थरथर किंवा घरघर बदलते का, एवढंच पाहायचं. या लेखातली एकच चाचणी करायला सांगितली, तर मी हीच सांगेन. ड्राइव्ह वळला की क्रॉसचा कोन बदलतो, इंजिनच्या बाजूचं मात्र काहीच बदलत नाही. वळवल्यावर आवाज वाढला किंवा थरथरीचा पोत बदलला, तर दोष क्रॉस किंवा गिंबल बेअरिंगमध्ये शोधा. काहीच बदललं नाही, तर इंजिन, कपलर किंवा फाउंडेशनकडे बघा.

मग गियर टाकून, हळू वेगात, सरळ. नंतर वेग वाढवत बोट पाण्यावर चढेपर्यंत, प्रत्येक ५०० आरपीएमला थांबून नोंद. शेवटी मध्यम वेगात डावं आणि उजवं वळण.

फोनवर कंपन मोजणारं ॲप असेल तर फोन ट्रान्समच्या आतल्या बाजूला घट्ट बांधा. हिशेब सोपा आहे. इंजिन १,८०० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ३० फेरे. गियर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे) १.८१ असेल तर पंख्याचे मिनिटाला साधारण ९९४, म्हणजे सेकंदाला १६.६ फेरे. आकडा १६-१७ च्या आसपास आला तर पंखा किंवा त्याचा शाफ्ट. ३० च्या आसपास आला तर इंजिनच्या वेगाने फिरणारं काहीतरी, त्यात कपलर आणि मधला शाफ्टही आला.

इथे एक फसगत होते. फोर-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर मारत नसेल तर त्याचा धक्का दोन फेऱ्यांत एकदा बसतो, म्हणजे सेकंदाला १५ वेळा. हा आकडा पंख्याच्या १६.६ च्या अगदी शेजारी आहे, आणि गियर रेशो २ असेल तर दोन्ही तंतोतंत एकच येतात. म्हणून १५-१७ दिसलं की लगेच पंखा सोडायला धावू नका. तोच आरपीएम न्यूट्रलमध्ये ठेवून बघा. पंख्याचं कंपन न्यूट्रलमध्ये नाहीसं होतं. सिलिंडरचं बहुधा राहतं, पण एखादं कमजोर सिलिंडर फक्त भाराखालीच चुकतं, म्हणून न्यूट्रल शांत असलं तरी पाचव्या टप्प्यातली तपासणी सोडायची नाही. क्रॉस एका फेऱ्यात दोनदा हलवतो, म्हणजे इथे सेकंदाला ६०. बऱ्याच फोनचा सेन्सर एवढ्या वरचं नीट पकडत नाही, त्यामुळे क्रॉससाठी फोनवर भरवसा नको, मघाची वळवण्याची चाचणीच खरी.

तपासा: कडक वळणात किंवा जास्त ट्रिमवर आरपीएम एकदम उसळतो, बोट ढिली पडते आणि थरथर होते, पण ट्रिम खाली घेतल्यावर सगळं सुरळीत होतं? पंख्याने वरून हवा ओढली, एवढंच. काही बिघडलेलं नाही.

टप्पा ३: पंखा, त्याचा शाफ्ट आणि बोटीचा तळ

किल्ली काढून खिशात ठेवा, किल-स्विचची दोरी सोडा, मगच पंख्याला हात लावा.

आधी कचरा. अंबाझरीसारख्या तलावांत जलपर्णी माजते आणि तिच्या मुळ्यांचा गोळा एका पात्यावर बसला तरी बोट हादरते. पाण्यात असतानाच क्षणभर रिव्हर्स टाकला की तो बहुतेक वेळा सुटतो. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा असा सुटत नाही. तो पंख्याच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळतो, उष्णतेने वितळून घट्ट बसतो आणि ऑइल सील कापतो. गोसीखुर्दच्या जलाशयात किंवा मासेमारी चालणाऱ्या कुठल्याही तलावात बोट चालत असेल, तर पंखा पूर्ण उतरवून मागे बघितल्याशिवाय "पंखा ठीक आहे" म्हणायचं नाही.

पंखा उतरवण्याआधी पात्यांची तपासणी उरकून घ्या. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला एक बारीक काडी टेपने अशी चिकटवा की तिचं टोक पात्याच्या कडेला जेमतेम लागतंय. प्रत्येक पातं त्याच जागी आणून बघा. एक पातं काडीला घासतं आणि दुसरं दोन-तीन मिलिमीटर लांब राहतं, तर पातं तरी वाकलंय नाहीतर शाफ्ट.

कुठलं, ते पंखा काढल्यावर कळतं. नुसत्या शाफ्टवर डायल गेज लावा आणि हाताने फिरवा. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. शाफ्टचं टोक डोळ्यांना भोवऱ्यासारखं डोलताना दिसत असेल तर गेजचीही गरज नाही. वाकलेला शाफ्ट ठोकून किंवा प्रेसवर सरळ करून घेऊ नका. तो बदलायचाच. लेथवर "सरळ" केलेला शाफ्ट काही दिवसांत सील आणि बेअरिंग खातो.

पंख्याच्या हबची, म्हणजे मधल्या गाभ्याची, रबरी बुश घसरते का, हेही बघा. नटापासून हबवरून पात्यापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा, पाण्यात जोर देऊन बोट चालवा आणि परत येऊन रेघ बघा. तुटलेली दिसली तर बुश गेली.

उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा खडक आणि बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. ठोकर लागलेली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ॲल्युमिनियमचा पंखा वाकतो किंवा तुटतो आणि धक्का बराचसा स्वतः सोसतो. स्टीलचा पंखा वरून धडधाकट दिसतो आणि धक्का आत गियरपर्यंत पोचवतो. स्टीलचा पंखा असेल आणि ठोकर जोरात असेल तर चौथा टप्पा काळजीपूर्वक करा.

आता उसना पंखा लावून तीच फेरी मारा. थरथर गेली तर दोष पंख्यात होता. जशीच्या तशी राहिली तर तो निर्दोष सुटला, आणि पुढे कुणी कितीही सांगितलं तरी त्यावर पैसे घालू नका.

टप्पा ४: गियर ऑइल

थोडक्यात. ड्राइव्ह उभा ठेवून आधी खालचा प्लग काढा, मग वरचा. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. प्लगच्या चुंबकावर मऊ काळसर लेप असणं चालतं, पण बोटांत टोचणारे कण किंवा चकत्या असतील तर गियर किंवा बेअरिंग सुटतंय. अशा वेळी बोट चालवून आणखी चाचण्या करू नका, ड्राइव्ह जाणत्या माणसाकडे उघडायला द्या. ऑइल परत भरताना खालच्या भोकातून पंपाने वर चढवा, वरून ओतलं तर हवा अडकते.

टप्पा ५: इंजिन नीट चालतंय का आणि नीट बसलंय का

आयडलला जास्त थरथर आणि वेग वाढला की कमी, हा नमुना बहुधा सिलिंडर न मारण्याचा. प्लग काढून एका ओळीत मांडा. एखादा ओला किंवा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसला तर त्याच सिलिंडरची वायर, कॉइल आणि कॉम्प्रेशन बघा.

पेट्रोलकडेही लक्ष द्या. बोटींची बरीचशी पेट्रोल इंजिनं १० टक्के इथेनॉलपर्यंतच चालवावीत असं कंपन्यांच्या पुस्तकांत असतं. आपल्याकडे पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. बोट महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसतो, आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत इंजिन धक्के मारतं. वॉटर सेपरेटर फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

फाउंडेशन तपासताना रबराकडे बघून समाधान मानू नका. रबर ठीक असतं आणि ते ज्या लाकडात बसवलंय ते कुजलेलं असतं. बोल्टवर पाना लावा. तो न घट्ट होता नुसताच फिरत राहिला, तर खालचं लाकूड गेलं. नवं फाउंडेशन त्यावर टिकणार नाही.

टप्पा ६: ड्राइव्ह उतरवून निर्णय

दुसऱ्या टप्प्यात न्यूट्रलमध्ये थरथर होती आणि इंजिन निर्दोष ठरलं, तर आता ड्राइव्ह उतरवायचा. अल्फा असेल तर आधी फॉरवर्ड गियर टाकून ठेवा, ब्राव्हो असेल तर न्यूट्रल. अल्फा न्यूट्रलमध्ये ओढला तर शिफ्टची जोडणी अडकते आणि मोडते. ही चूक नेहमी होते. दोन माणसं आणि खाली टेकू हवाच, एकट्याने हे वजन पेलत नाही. सरळ मागे ओढा, वाकडं करून हिसका देऊ नका.

ड्राइव्ह निघाला की काही सोडण्याआधी बेलोजच्या आत टॉर्च मारा. पाणी, गंज किंवा गंजाची लाल धूळ दिसली तर बेलोज फुटलाय आणि पुढची सगळी खराबी तिथूनच आलीये. नुसतं बेअरिंग बदलून तोच बेलोज ठेवला तर नवं बेअरिंगही जाईल.

आता इंजिन ड्राइव्हशिवाय सुरू करून बघता येतं. ब्राव्होमध्ये पाण्याचा पंप इंजिनवर आहे, त्याला होजने पाणी द्या. अल्फामध्ये पंप ड्राइव्हमध्येच असतो, म्हणजे तो आता तुमच्या हातात आहे. इंजिनकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळीला बाहेरून पाणी जोडल्याशिवाय सुरू करायचं नाही. तापमानाच्या काट्यावर एकाने नजर ठेवावी, आयडलपेक्षा थोडंच वर न्यावं, आणि मागच्या भोकाजवळ कुणाचा हात, दुपट्टा, सैल बाही येऊ देऊ नये. आत कपलर फिरत असतो.

ड्राइव्हशिवायही तीच थरथर राहिली, तर दोष इंजिन, फ्लायव्हील किंवा कपलरमध्ये. नाहीशी झाली, तर क्रॉस, गिंबल बेअरिंग, वरचे गियर किंवा अलाइनमेंट.

टप्पा ७: हाताने तपासणी

गिंबल बेअरिंगच्या आतल्या कड्यात दोन बोटं घालून सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत आणि किंचित जड फिरतं. आत वाळू भरल्यासारखं खरखरलं, किंवा एका जागी अडखळून पुढे गेलं, तर बदला. ग्रीस भरून ते सुधारत नाही.

क्रॉस दोन्ही दिशांना वाकवून बघा. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला अडकत असेल तर कपातल्या सुया, म्हणजे सुईसारखे बारीक रोलर, गंजल्यात. कपांच्या कडेला लाल भुकटी दिसली तर तोच पुरावा. हलवल्यावर टक्-टक् असा ढिलेपणाचा आवाजही नको.

शाफ्टच्या स्प्लाइनवरून नख फिरवा. दातांची एक बाजू झिजून धारदार झाली असेल तर कपलरच्या आतले दात टॉर्चने बघा, ते बहुधा त्याहून वाईट असतात. कपलरचं रबर सुटत असेल तर फ्लायव्हील हाउसिंगच्या खाली काळी रबरी भुकटी सापडते, जळका वासही येतो. कपलर बदलायला इंजिन उचलावं लागतं. तेवढा खर्च करण्याआधी पुढचा टप्पा करा, कारण कपलर सहसा अलाइनमेंट चुकल्यामुळेच झिजतो.

टप्पा ८: अलाइनमेंट

यासाठी तुमच्या ड्राइव्हच्या मापाचा अलाइनमेंट बार लागतो. लेथवर अंदाजाने घडवून घेऊ नका. भाड्याने किंवा उसना मिळवा, पण योग्य मापाचाच.

बारच्या टोकाला ग्रीसचा पातळ हात द्या, गिंबल बेअरिंगमधून आत घाला. बेअरिंग थोडं झुकणारं असतं, त्यामुळे बार बाहेरून चारी बाजूंनी हलके ठोकून ते मधोमध आणा. हे न करताच "अलाइनमेंट बिघडलंय" असं ठरवणारे पुष्कळ आहेत. बार कपलरच्या दातांत दोन बोटांच्या जोराने सरकला पाहिजे. नंतर बाहेर काढून ग्रीसवरच्या खुणा बघा. सगळीकडे सारख्या उमटल्या तर जुळलंय. फक्त वर किंवा फक्त खाली उमटल्या तर इंजिनची पुढची बाजू उंच-नीच करावी लागेल. पुढच्या फाउंडेशनचे नट पाव फेऱ्याने हलवा आणि दर वेळी बार पुन्हा घालून बघा. मागचं फाउंडेशन जागेवर पक्कं असतं, त्याला हात लावायचा नाही.

तपासा: सगळं जुळल्यावर इंजिन हाताने पाव फेरा फिरवा आणि बार पुन्हा घाला. आता तो अडकला तर कपलरच वाकडा आहे, कितीही नट फिरवले तरी जुळणार नाही.

टप्पा ९: परत जोडणी आणि तीच फेरी

स्प्लाइनना आणि ओ-रिंगांना ग्रीस लावा, नवी गॅस्केट घाला, नट मॅन्युअलच्या टॉर्कला क्रमाक्रमाने घट्ट करा. फॉरवर्ड गियरमध्ये ठेवलेला अल्फा आत जात नसेल तर पंख्याच्या बाजूने हळू फिरवत दात जुळवा. नटांच्या जोराने आत ओढून घेऊ नका, कपलर फाटतो.

पाण्यात उतरवल्याबरोबर इंजिनखोलीत टॉर्च मारा. बेलोजकडून पाणी येत असेल तर बोट ताबडतोब बाहेर घ्या.

मग वही उघडा आणि दुसऱ्या टप्प्यातली फेरी त्याच क्रमाने, त्याच आरपीएमवर, शक्यतो तेवढ्याच माणसांसकट मारा. नव्या नोंदी जुन्यांच्या शेजारी लिहा. थरथर सगळीकडून गेली पण पंख्याच्या वेगाची बारीक गुणगुण एका ठराविक आरपीएमलाच उरली असेल, तर आता पंखा बॅलन्सिंगला पाठवणं योग्य आहे. बोट किनाऱ्यावर लावून परत येताना ड्राइव्ह पूर्ण खाली करून ठेवा. महिनोन्महिने वर उचलून ठेवलेल्या ड्राइव्हचा बेलोज त्याच वळणात ताठरतो आणि घडीवर चिरतो.